पगडीच्या डब्यातलं विकल्प-पत्र

नाना,

आज पुन्हा तुमचा राग आला. तुम्ही गेलात त्या वयाच्या मी कितीतरी पुढे आले आहे, तरी आला. दर्पण कॉलनीत आमच्या शेजारी एक रिटायर्ड मास्तर राहतात. सकाळी फाटकाशी उभे राहून म्हणाले, "बहनजी, फिर लटक गया. उधर से सहमति नहीं आई." उधर म्हणजे छत्तीसगड. आपल्या राज्याचे तुमच्यामागे दोन भाग झालेत, आणि कायद्यात असं लिहून ठेवलंय की जुन्या पेन्शनरांची महागाई राहत, म्हणजे भत्ता, वाढवायची तर दोन्ही राज्यांनी हो म्हणायला हवं. एक विचारतं, दुसरं उत्तर देत नाही, आणि मास्तर फाटकाशी उभे. मी जन्मभर हिंदी दैनिकात काम केलं. संध्याकाळी मजकूर गेला नाही तर पान अडतं, एवढं मला कळतं. उत्तराची वाट बघत बसणारी माणसं मला सहन होत नाहीत, आणि याचं कारण तुम्ही आहात.

तुम्ही नोकरीला लागलात रियासतीत. पुढे खुर्ची तीच राहिली आणि दारावरची पाटी बदलत गेली: ग्वाल्हेर दरबार, मग मध्यभारत, मग मध्यप्रदेश. साहेब भोपाळला गेले, त्यांच्यामागून फायली गेल्या. तुम्ही आस्थापना शाखेत, म्हणजे दुसऱ्यांच्या नोकरीचे कागद सांभाळणं हेच तुमचं काम. नव्या राज्याचे नवे पेन्शन नियम आले तेव्हा प्रत्येकाला विकल्प-पत्र भरून द्यायचं होतं, जुने नियम ठेवता की नवे घेता. जुन्यात माणूस गेला की पेन्शन संपली. नव्यात त्याच्यामागे बायकोला मिळणार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, माधवगंजातल्या आपल्या ओसरीवर संध्याकाळी चपराशी, जमादार येऊन बसायचे, आणि तुम्ही त्यांचे अंगठे घ्यायचात. कुणी डोकं खाजवलं की म्हणायचात, "सोचना क्या है? घरवाली है ना? तो नया ले." ते विचारायचे, रियासतीतली वर्षं नव्या नियमात धरतील ना? "धरेंगे, धरेंगे," तुम्ही म्हणायचात.

आणि स्वतःच्या वेळी तुम्हाला ते लेखी हवं होतं. तुम्ही वर पत्र लिहून खुलासा मागितलात. मुदत चुकू नये म्हणून आपलं विकल्प-पत्र पूर्ण भरलंत, त्यावर आवक शिक्का मारलात, रजिस्टरात चढवलंत, आणि सही न करताच घरी घेऊन आलात. असलं काम फक्त तुम्हीच करू शकत होतात. आई पोळ्या लाटताना विचारते आहे, "साऱ्या लष्करच्या सह्या घेतल्यात, तुमची कधी?" तुम्ही ताटावरून मान न उचलता म्हणता आहात, "खुलासा आला की."

पुढच्या हिवाळ्यात फूलबागेजवळ तुम्ही सायकलवरून उतरलात, कट्ट्यावर बसलात, ते उठला नाहीत. खुलासा तीन महिन्यांनी आला. तुमच्याच चपराशानं घरी आणून दिला. एका ओळीचा होता: पूर्वीची सेवा धरण्यात येईल.

त्यानंतर दीड वर्ष आईच्या पेन्शनसाठी मी तुमच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. तुमच्या खुर्चीवर आलेला बाबू स्वभावानं वाईट नव्हता, हे आणखी त्रासाचं. चहा मागवायचा आणि म्हणायचा, "रजिस्टर में चढ़ा है बहनजी, पर फ़ाइल में कागज़ नहीं है. कागज़ ले आइए, आज ही कर दूँ." इकडे मामा इंदूरहून दोनदा येऊन गेला. "ताई, सामान बांध. इथं एकटीच्या पगारात पोरीनं किती दिवस ओढायचं?" आईला जायचं नव्हतं. भावजयीच्या घरात डबे कुठे ठेवलेत ते विचारत उरलेलं आयुष्य काढायचं नव्हतं. मामा गेल्यावर तिनं सगळे डबे उतरवून घासले.

त्या घासाघाशीत तुमचा पगडीचा डबा निघाला. दरबार संपल्यापासून कुणी उघडला नव्हता, असं आम्ही समजत होतो. पगडीखाली घडी करून ठेवलेलं विकल्प-पत्र. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तुमचं मोत्यासारखं अक्षर. सहीची जागा कोरी.

तुम्हाला माझं प्रगतिपुस्तक आठवत असेल. सहावीत गणितात नापास झाले तेव्हा मी तुमची मोडीतली सही त्यावर ठोकून दिली होती. तुम्ही मारलं नाहीत. चुलीशेजारी पाटावर बसवलंत आणि विचारलंत, "सही म्हणजे हजेरी. मी तिथं नव्हतो, मग माझी सही तिथं कशी आली?" दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. त्या दोन दिवसांनंतर मी कधी कुणाची सही केली नव्हती.

त्या दुपारी केली. तुमचीच दौत, तुमचाच टाक. एका झटक्यात. आई पदराला हात पुसत आली, कागद खिडकीशी नेऊन उजेडात निरखू लागली. मला वाटलं, आता फाडते. ती म्हणाली, "ते खाली एक रेघ ओढायचे. तुझी राहिली." कागद माझ्यापुढे ठेवला आणि आत जाऊन दूध उतरवलं. मी रेघ ओढली.

बाबूनं तुमचं सेवापुस्तक काढून सही ताडून पाहिली. मोडी त्याला येत नव्हती. "हाँ, यही जलेबी है," म्हणाला, आणि खरंच त्याच दिवशी केलं. आई माधवगंजातच राहिली, शेवटपर्यंत, स्वतःच्या डब्यांमध्ये. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला जाताना नवं लुगडं नेसायची, आणि परत आल्यावर तुमच्या फोटोकडे बघून म्हणायची, "आहे म्हटलं मी अजून."

नाना, वीस जणांना तोंडी सांगितलंत तेच एकदा स्वतःला सांगितलं असतंत तर मला हे करावं लागलं नसतं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. राग आहे तो याचाच, की तुमच्या घरात वाढूनही मला पश्चात्ताप होत नाही.

हे पत्र त्याच डब्यात ठेवते आहे, पगडीखाली. खाली सही करत नाही. त्या दुपारपासून माझ्या प्रत्येक सहीखाली तुमची रेघ येते. बँकेत, पेन्शनच्या कागदांवर, सगळीकडे. थांबवायचा प्रयत्न मी कधी केलेला नाही.