टाकीतला ओझोन आणि बाबांचा आवाज

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल आणि वहिनींच्या शिंकाही आटोक्यात असतील, असं धरून चालतो. आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत. (हे वाक्य गेल्या आठवड्यात लिहिता आलं नसतं, म्हणून पत्राला उशीर.)

झटका येऊन उजवी बाजू लुळी पडल्यापासून तुमचे बाबा आमच्याकडे माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर बसून असतात, हे तुमच्या बहिणीनं फोनवर सांगितलंच असेल. बोलणं मात्र तीन महिने ‘हं’ आणि ‘नको’, एवढंच. डॉक्टर म्हणाले, शब्द आहेत, बाहेर यायला कारण हवं. मी कारणं पुरवत होतो : हा पट्ट्यापट्ट्यांचा मासा, हे प्रवाळ, याला डोळेच नसतात, त्यामुळे आमच्या दुकानाला याचा काही उपयोग नाही. (जन्मभर चष्मे विकलेल्या माणसाचा विनोद, सोडून द्या.) बाबा आपले ‘हं’.

त्यात पाणी पिवळं पडू लागलं. तुमची बहीण म्हणाली, ‘मासे चहात सोडलेत का?’ मी आधी तिच्या चष्म्याचा नंबर तपासला, मग माझ्या. दोन्ही ठीक निघाले. तेव्हा माशांच्या दुकानदारानं पाणी स्वच्छ करणारं ओझोन वायूचं यंत्र दिलं. ते कसं लावायचं हेही तो बिचारा समजावत होता, पण मी ‘कळलं, कळलं’ म्हणत निघालो. (हा स्वभाव तुम्ही लग्नाच्या बोलण्यांतच ओळखला होतात.) घरी येऊन यंत्राला साधी रबरी नळी लावली, तिचं टोक थेट टाकीत सोडलं आणि खिडक्या घट्ट लावून घेतल्या, ओझोन वाया जायला नको म्हणून.

थोड्या वेळात खोलीत झेरॉक्सच्या दुकानासारखा वास सुटला. ‘किती ताजं वाटतंय!’ असं मी खोकत खोकत जाहीर केलं. तुमची बहीण आतून खोकतच आली. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, प्रवाळं मिटून गेली. मी माहितीपत्रक शोधत असताना मागून गर्जना झाली, ‘बंद कर, गाढवा!’

बाबा! (जावयाला असं कुणी म्हणत नाही. मी ते पदवीसारखं मिरवतोय.) यंत्र राहिलं बाजूला, मी त्यांच्याकडेच बघत बसलो. ‘खिडक्या! सगळे बाहेर!’ जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये हुकूम सोडणारा तोच आवाज. तुमच्या बहिणीनं प्लग उपटला, खिडक्या उघडल्या, बाबांची खुर्ची गॅलरीत ढकलली. तिथे आम्ही तिघं डोळे पुसत बसलो. त्यातलं खोकल्याचं पाणी किती आणि दुसरं किती, हे कुणी विचारलं नाही.

घरातला वास पूर्ण गेल्यावर टाकीतलं बरंच पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी बाबांनी माहितीपत्रक वाचून डाव्या हातानं नकाशा काढला. ओझोन टाकीत थेट सोडायचा नाही, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणाऱ्या नळकांड्यात सोडायचा. आत जाणारी हवा कोरडी हवी, नळी सिलिकॉनची हवी, रबराला ओझोननं चिरा पडतात. नळकांड्यातून बाहेर पडणारं पाणी आणि हवा, दोन्ही कोळशातून गाळून घ्यायची. शिवाय पाण्यात ओझोनचा परिणाम मोजणारी कांडी ठेवायची, आकडा साडेतीनशेला पोचला की यंत्र आपोआप बंद. आणि वास आला की आधी प्लग काढायचा, शंका नंतर. दुकानदार नकाशा बघून म्हणाला, ‘मी हेच सांगत होतो.’ बाबा म्हणाले, ‘हा ऐकत नाही.’ दोघांची तेव्हापासून गट्टी आहे.

दोन दिवस प्रवाळं मिटलेलीच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी एक कडेचं उघडलं, मग शेजारचं. एक मात्र गेलं, ते माझ्या नावावर. आता पाणी असं लख्ख आहे की मासे हवेत टांगल्यासारखे दिसतात. बाबा रोज कांडीवरचा आकडा मोठ्यानं वाचून मला लिहायला लावतात. जीभ अडखळली की चिडतात, आणि चिडले की सरळ बोलतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. खरं तर एवढंच लिहायचं होतं : पुढच्या महिन्यात तुम्ही बाबांना कायमचं न्यायला येणार आहात. या, हवं तितकं राहा, पण त्यांना नेऊ नका. तुमची बहीणही हेच म्हणते, फक्त तुमच्याशी बोलताना तिचा धीर होत नाही.

ता. क. (वाकडं अक्षर माझं, बाबांचं.) पत्र वाचलं. आकडा साडेतीनशे नव्हे, सव्वातीनशे. मी कुठे राहायचं ते तुम्ही दोघांनी ठरवू नका. येताना माझी पान्यांची पेटी घेऊन ये. इथे काम बरंच आहे.