पणजीच्या शेजारची जागा

दि. १२, गुरुवार, दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तू आणि वहिनी खुशाल असाल. पत्र घेऊन हे स्वतःच आलेत म्हणून दचकू नकोस. त्यांना आधी बसव, पाणी दे. बोलले नाहीत तर बोलतं करायला जाऊ नकोस.

तू घराण्याची मुळं शोधत फिरायचास तेव्हा मी तुला किती चिडवायचे. मेलेल्यांची शिरगणती करून कुणाचं भलं झालंय, म्हणायचे. काल मीच आपल्या मूळ गावच्या दफनभूमीत दिवसभर जुन्या वह्या उपसत बसले होते. हसायचं तर हस. आपल्या घराण्यात नावांचा दुष्काळच होता रे. पणजोबा सापडले, पण तीनदा मेलेले. तिघांचं नाव एकच, त्यातले आपले कोणते ते ठरेना. पणजी तर कुठेच नाही. मग आजीचं बोलणं आठवलं, विधवा झाल्यावर पणजी गावातल्याच माहेरी परतली होती. तिच्या वडिलांच्या घरच्या नोंदी काढल्या, तर तिथे होती. अगदी कडेला, भिंतीलगत.

ती दफनभूमी कधीच भरलीय. आता ज्याचं माणूस आधीपासून तिथे आहे त्यालाच जागा देतात, तीही त्या माणसाला लागून असली तरच. देखरेख करणाऱ्या बाई माझ्याबरोबर आल्या. पणजी आणि भिंत यांच्या मधली जागा त्यांनी काठीने मोजली.

"ताई, इथं माणूस मावायचं नाही. चार फूटसुद्धा नाही."

"पुरेल," मी म्हटलं.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग हळूच म्हणाल्या, "केवढं होतं?"

मी हात माझ्या कमरेशी धरून दाखवला.

दादा, तुझा भाचा गेला. मंगळवारी सकाळी. ताप डोक्यात गेला, डॉक्टरांनी हात टेकले. तुला फोन लावायला घेतला होता, पण तू नेहमीसारखं "काय गं वेडे" म्हणाला असतास आणि माझ्याच्याने पुढे बोलवलं नसतं. यांनाही मीच बजावलं, दादाला मी कळवते म्हणून.

इथे शहरात ओळीने जागा देतात. एका बाजूला परका, दुसऱ्या बाजूला उद्या येईल तो परका. मला ते सोसवेना. पणजी निदान आपली आहे. तिने नवऱ्यामागे पाच पोरं वाढवली, अजून एक सांभाळेल.

सोबतच्या कागदावर घरातल्या थोरल्याची सही लागते. तेवढी कर आणि यांच्याबरोबरच निघ. उद्या सकाळी त्याला दवाखान्यातून आणायचंय. एका बाजूने हे धरतील, दुसऱ्या बाजूने धरायला तू हवास.

तुझ्याकडे राहायला आला की तुझ्या कानाची पाळी धरूनच झोपायचा ना तो? त्याला एकट्याला झोप येत नाही रे.

तुझ्या भाच्याची आई