सूनबाईच्या सायकलची बॅटरी

प्रिय सूनबाई,

ही हाक अजून चालते की नाही, ते तुमच्या वकिलांना विचारावं लागेल. मला दुसरी सुचत नाही, तेव्हा चालवून घे.

आमचे चिरंजीव कधीचे माझ्या मागे लागलेत, की आई, तू तिला एक पत्र लिही. फोनवर ती माझं ऐकत नाही, पण तुझा शब्द मोडणार नाही. घटस्फोटाच्या सह्या व्हायच्या आत तिला घरी बोलाव. मी हो म्हणून बसले खरी, पण एक ओळ लिहिली की उठते. पंखा लावते, बंद करते, पुसलेले डबे पुन्हा पुसते. हाताला काम नसलं की माझं डोकं चालत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या टेबलावर उमेदीची सगळी वर्षं गेली, ती सवय आता कुठे जाणार. शेवटी जिन्याखाली धूळ खात पडलेली तुझी इलेक्ट्रिक सायकल बाहेर ओढली. तिची बॅटरी गेली म्हणून तू टेकडीपलीकडच्या दवाखान्यातली संध्याकाळची नोकरी सोडलीस, आणि पुढे एक दिवस बॅग उचलून पायीच निघून गेलीस. म्हटलं, पत्र होईल तेव्हा होईल, आधी बॅटरी तरी करू.

बॅटरीचा जुना बॉक्स उघडला तर पडून पडून सगळे सेल मेलेले. लिथियमचं असं आहे, एकदा पार तळाला गेलं की पुन्हा चार्ज करायला जाणं म्हणजे आगीशी खेळ. मग नवे सेल आणले. मी आपली जुन्या सवयीने सोल्डरिंगची तयारी करून बसले होते, तर कोपऱ्यावरच्या शॉकअपने कपाळावर हात मारला. हा आपला गाड्या दुरुस्त करणारा, सगळे त्याला याच नावाने हाक मारतात, ज्याला तू एकदा पाठ सरळ ठेवून बसायला शिकवलं होतंस. तो म्हणाला, मावशी, त्या उष्णतेने सेल आतून भाजतात, निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डरनेच, क्षणभर टेकवून, जोडायच्या. स्वतःचा वेल्डर दिला, पण मुलगी सासरी पाठवताना द्याव्यात इतक्या सूचना देऊन. अंगठी काढा, घड्याळ काढा, टेबलावर स्क्रू ठेवू नका. मी मान डोलवत राहिले. माझी अर्धी हयात हेच दुसऱ्यांना सांगण्यात गेली होती.

सगळ्यात छळ झाला तो थांबण्याचा. सेल भरायचे आणि नुसते ठेवून द्यायचे. एखादा सुरुवातीला व्होल्टेजचा खणखणीत आकडा दाखवतो आणि पडल्या पडल्या आतल्या आत उतरत जातो, तो शोधून बाहेर काढायचा. आठवडाभर हात लावायचं कारण नव्हतं, पण मला चैन पडेना. येता-जाता मीटर लावून बघत होते. भाजी फोडणीला टाकायची आणि सेल मोजून यायचं. एकदा भाजी करपली. चिरंजीवांनी मुकाट्याने खाल्ली, यावरूनच ओळख की स्वारी सध्या किती नरम आहे.

त्याला वाटलं, मी बॅटरी करते आहे ती तुला परत आणायला. फार खूश झाला. म्हणाला, पत्राबरोबर हेही कळव, तिला बरं वाटेल. सुट्टीच्या दिवशी दुपारी आपणहून शेजारी येऊन बसला. मी वेल्डर धरला, त्याने पट्ट्या धरल्या. शाळेत असताना असाच बसायचा, जीभ बाहेर काढून. खोटं कशाला बोलू, मला त्या दुपारी फार छान वाटत होतं. आणि तेवढीच भीतीही वाटत होती. मध्येच उठून दोनदा तोंड धुऊन आले.

एक गोष्ट मघाशी लिहायची मी टाळली. बॅटरीच्या पॅकवर, म्हणजे सेलच्या जुडग्यावर, सुरक्षेसाठी सर्किटची एक पाटी असते. तिच्यापासून सेलच्या प्रत्येक गटाकडे एक बारीक तार जाते. त्यातली एक जरी सुटली, तरी पाटी सगळा पॅक बंद करून टाकते. ना चालत, ना चार्ज होत. तुझ्या पॅकमधली एक तार कापलेली होती. तुटलेली नव्हे, कटरने कापलेली. दोन्ही टोकांवर स्वच्छ टेप, आणि टेपचं टोक आत दुमडलेलं, उद्या कुणाला सोडवायची झाली तर नखं मोडू नयेत म्हणून. ही पद्धत माझ्या टेबलावरची. कारखान्यात मला त्यावरून चिडवायचे. घरात ती मी एकालाच शिकवली.

त्या दुपारी नव्या पॅकवर टेप गुंडाळताना त्याने तसंच टोक दुमडलं. मी उठले आणि जुना बॉक्स आणून त्याच्यापुढे ठेवला. तो बोलू लागला, अगदी शांतपणे, नळ का गळतो ते सांगावं तसं. उतारावर वाहनं फार, अंधारात तू एकटी, त्याला काळजी वाटायची. चार दिवसांनी तार पुन्हा जोडणार होता. पण तू नोकरी सोडलीस, संध्याकाळी तिघं एकत्र जेवायला लागलो, घर कसं भरल्यासारखं झालं, मग राहून गेलं. तू रोज त्या बंद सायकलजवळ उभी राहून बटण दाबून बघायचीस, ते त्याने पाहिलं होतं. तरी राहून गेलं. शेवटी म्हणाला, आई, एवढं तिला लिहू नकोस. त्याला वाटतं ही एकच चूक झाकली की बाकी सगळं ठीक आहे. मला त्याचा इतका राग आला की हातातला कटर टेबलावर आपटला, आणि त्याच हातांनी मला पाटीच्या उरलेल्या तारा जोडायच्या होत्या. जोडल्या. तपासल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्या.

पॅक उत्तम झाला आहे. शॉकअप स्वतः सायकल टेकडीवर नेऊन आला, बॉक्स कोमटसुद्धा झाला नाही. सायकल आणि चार्जर त्याच्याचकडे ठेवलाय, घरी नाही. सुरुवातीला चार्जिंग डोळ्यांदेखत कर, लावून बाहेर जाऊ नकोस.

तुझ्यावाचून घर मला खायला उठतं. म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले. त्याने लिहायला सांगितलं ते मी लिहिणार नाही. परत येऊ नकोस. त्याने रडून बोलावलं तरी नको, आणि उद्या मीच एकटेपणाला कंटाळून बोलावलं तरी नको. तो माझा मुलगा आहे, मी त्याला टाकणार नाही; त्याच्याशी काय बोलायचं ते मी बोलेन, रोज बोलेन. तू सही कर. ती संध्याकाळची नोकरी मिळत असेल तर पुन्हा धर. आणि एखाद्या दुपारी, तो कामावर असताना, सायकलवरून मला भेटायला ये. फार वेळ बसली नाहीस तरी चालेल.

सह्या झाल्यावरही तुझीच,
आई