सव्वीस डिग्री आणि माझं बोट

१२ जानेवारी, सकाळी ७
टँक बसला. हॉलमध्ये, टीव्हीच्या जागी. टीव्ही बेडरूममध्ये गेला, म्हणून रुद्राणी बोलत नाही. बोलेल. बायकोला समुद्राचं मोल कळायला वेळ लागतो.
खारं पाणी, जिवंत कोरल, नारिंगी क्लाउनफिशची जोडी. रिटायर झालेला माणूस वाया जातो म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं. दुकानदार सम्राट, वयानं माझ्या निम्मा, मला तापमान शिकवत होता. सव्वीस डिग्रीला ठेवा, एखादी डिग्री इकडं-तिकडं चालेल, पण रोज वर-खाली नको. ऐकून घेतलं. तेहतीस वर्षं साखर कारखान्यात पाक शिजवायच्या पॅनवर काढली. उकळत्या पाकाचा थेंब चिमटीत धरायचा, तार बघायची आणि म्हणायचं, झाला. त्या माणसाला हा थर्मामीटर विकतोय.
घेतला नाही.

१५ जानेवारी
थंडी. बोट बुडवलं. पाणी गार. फार तर बावीस. हीटरचं बटण वर केलं.
संकल्प: सकाळ-संध्याकाळ बोटानं तपासणी.

१६ जानेवारी
सकाळी गार. वर केलं. संध्याकाळी गार. वर केलं.
रुद्राणी बोलली. म्हणाली, पाकानं भाजून भाजून तुमचं बोट मेलंय, त्याला उकळता चहासुद्धा गारच लागतो. चार दिवसांनी तोंड उघडलं ते हे.

२ फेब्रुवारी
आनंदाची बातमी. कोरल पांढरं होतंय! आणलं तेव्हा तपकिरी, मळकट होतं. आता टोकं शुभ्र. रस असो की समुद्र, उष्णता बरोबर मिळाली की मळ निघतोच.

९ फेब्रुवारी
पूर्ण पांढरं. एक्स्पोर्टच्या साखरेसारखं. फोटो कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. अठरा अंगठे. महालिंगनं, म्हणजे पॅनवरच्या माझ्या असिस्टंटनं, हात जोडले.
सम्राटलाही पाठवला, त्याला काही शिकता यावं म्हणून. तो थर्मामीटर घेऊन धावतच आला. म्हणे पांढरं कोरल म्हणजे मरायला टेकलेलं कोरल. पाणी तापलं की त्याच्या अंगातले रंगाचे जीव त्याला सोडून जातात. थर्मामीटर बुडवला. एकतीस.
थर्मामीटर इथंच ठेवून गेला. चायनीज आहे.

१० फेब्रुवारी
तरी मोठ्या मनानं तापमान उतरवायचं ठरवलं. सम्राट म्हणाला होता हळूहळू, दिवसाला अर्धी डिग्री. हळूहळू हा आळशी माणसांचा शब्द. दुपारी दोनला बर्फाच्या चार बाटल्या सोडल्या. संध्याकाळी बोटाला छान वाटलं.

११ फेब्रुवारी
जोडीतला छोटा, नर, तळाशी आडवा. हलवला. हलला नाही.
जास्वंदीखाली पुरला. खड्डा रुद्राणीनं केला. मादी दिवसभर दगडामागं. मी काचेजवळ गेलो की आणखी आत जाते. खायला मी घालतो, पाणी मी बघतो, आणि ही वागणूक.
जेवलो नाही. भूक नव्हती, इतकंच.

१४ फेब्रुवारी
शेजारच्या मोनावहिनी सांगत होत्या, मी रंकाळ्यावर फिरायला गेलो की सम्राट घरी येतो. रुद्राणीला विचारलं. टँकचं मीठ द्यायला आला होता म्हणाली. दोन दिवस लागोपाठ मीठ?
बटण अजून पूर्ण माझ्या ताब्यात. रोज दोनदा, केसभर फिरवतो. हीटरचा दिवा लागतच नाही. तापमान इतकं अचूक, की हीटरला काम उरलं नाही.

८ मार्च
कोरलच्या टोकांना रंग! मादी पुढं आली. सम्राटच्या थर्मामीटरवर सव्वीस. चायनीज असला तरी कधीकधी बरोबर दाखवतो.

६ एप्रिल
बाहेर अडतीस, टँकमध्ये सव्वीस. रिटायर्ड कर्मचाऱ्यांच्या कट्ट्यावर माझं व्याख्यान ठरलं. विषय: पाण्याची नाडी.

१७ एप्रिल, दुपारी
व्याख्यानासाठी टँकचा व्हिडिओ काढायचा होता. मोबाइल चार्जिंगला लावायला प्लग शोधत टँकखालचं कपाट उघडलं.
आत दुसरा हीटर. पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा. एक डबी, तिच्यावर लाल आकडे, सव्वीस पॉइंट शून्य. आणि माझ्या हीटरची पिन, वायरला रबरबँड गुंडाळून, कोपऱ्यात. तिच्यावर धूळ.
दोन महिने. माझ्या घरात. माझ्या बायकोनं आणि एका दुकानदारानं.
स्वयंपाकघरात जाऊन जाब विचारला. रुद्राणीनं भाकरी थापायची थांबवली नाही.
"छोटा मेला त्या दिवशी तुमी जेवला न्हाई," ती म्हणाली. "दुसरी मेली असती तर तुमाला सोसलं नसतं. आन् बटण काढून घेतलं असतं, तरी सोसलं नसतं. मग काय करायचं मी?"
कपाट होतं तसं बंद केलं. उघडं ठेवलं असतं, तर तिला आणखी वाईट वाटलं असतं.

१८ एप्रिल
मन मोकळं करायला महालिंगला बोलावलं. कागलहून लगेच आला. सगळं सांगितलं. माणूस हळवा. समजूत घालायला लागला.
"मनाला लावून घिऊ नका साहेब. कारखान्यात तरी काय येगळं हुतं? तुमी चिमटीत धरून झाला म्हणायचा, आमी व्हय म्हणायचो. मग मीटर बघून पॅन सोडायचो."
विचारलं, कधीपासून.
मीटर आलं तेव्हापासून, म्हणाला.
मीटर २००१ साली आलं. मी लागलो १९९१ ला. म्हणजे पहिली दहा वर्षं नक्की माझी.
महालिंग दोन कप चहा पिऊन गेला. जाताना पाया पडला.

१९ एप्रिल, सकाळी
व्याख्यान रद्द. घसा बसलाय असं कळवलं. रुद्राणीनं ते ऐकलं. घसा बसलेला नाही हे तिला ठाऊक आहे. हळदीचं दूध आणून दिलं. जपून प्या, फार गरम आहे, म्हणाली.
असेल. फुंकर मारून प्यायलो.