पाच फळ्यांचं दार

बेंबळी,
मंगळवार, १४ मे २०२४

सौ. सत्यभामेस,

अनेक आशीर्वाद. नवऱ्यानं बायकोला असंच लिहायचं असतं म्हणतात, म्हणून लिहिलं. हसू नको. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. माहेरीसुद्धा तू चार दिवसांवर कधी राहिली नाहीस. फोन केला असता, पण तुम्ही तिकडं स्पीकर लावता. मी नुसता खोकलो तरी आरोही ओरडते, "आजोबा, औषध घेतलं का?" मागं सोमेश असतो, सूनबाई असते. सगळ्यांदेखत माणूस काय बोलणार? हे पत्र तूच वाच. चष्मा लाव.

गुडघा कसा आहे? पुण्यात जिने फार चढू नकोस. इकडं सगळं ठीक. ऊन मात्र विचारू नको, दुपारी दुकानाच्या पत्र्याखाली बसवत नाही. भाकरी जमायला लागली, एका बाजूनं करपते तेवढंच. शेजारची दीपाली अधूनमधून कालवण आणून देते.

कामाचं सांगतो. अमरसिंहानं दार करायला दिलंय. त्याच्या बांधावरचा साग वादळात पडला, त्याच्याच फळ्या. दार पश्चिमेला, पावसाची झड थेट अंगावर घेणार. म्हणून धाराशिवहून पाण्याला टिकणारा गम आणला. आपला नेहमीचा गम ओल लागली की मऊ पडून सुटतो, हा सुटत नाही. दिसायला मात्र तसाच, दुधासारखा पांढरा. सरेस शिजवायचो तेव्हा तू नाकाला पदर लावून मला शिव्या द्यायचीस, तो वास आता नाही.

पण हा गम भारी उतावळा. या उन्हात फळीच्या कडेला लावला की बघता बघता त्याच्यावर साय धरते. दाराला फळ्या पाच. शेवटच्या फळीला लावून होईस्तोवर पहिलीवरचा सुकलेला असतो. मग शिकंजा कितीही आवळा, लाकूड लाकडाला धरत नाही. तू होतीस तेव्हा ब्रश फिरवत तू पुढं जायचीस, मी मागून फळ्या भिडवत यायचो. जरा रेंगाळलो की तुझं सुरू, "आवळा की ओ आता, बघत काय बसलाव!"

यंदा एकट्यानं केलं. दुसऱ्या दिवशी शिकंजा सोडला, हलकी ठोकर दिली आणि सांधा उघडला. मग मी शहाणपणा केला. गम लवकर वाळू नये म्हणून त्यात पाणी घातलं. दुकानदारानं बजावलं होतं, "मामा, ह्याच्यात पाणी घालू नगा बरं का." तरी घातलं. बरं, दाराला लावायच्या आधी दोन तुकडे जोडून, वाळवून बादलीत टाकून बघितले. काढले तर हातात अलग झाले. पाण्याला टिकणाऱ्या गमात मीच पाणी ओतलं! आयुष्य गेलं सुतारकीत. कुणाला सांगू नको.

अमरसिंह येऊन विचारून गेला, "काकू कवा येणार हैत?" मी म्हणालो, येतील की, दार जोडायला दुसरा माणूस लागतोच. तर असं आहे. दार अडलंय. चार दिवस येऊन गेलीस तर काम उरकेल.

वरचं लिहिलं आणि चहा करायला उठलो. परत येऊन वाचलं. खोटं लिहिलंय, पण खोडत नाही, तुलाही कळू दे. दार अडलेलं नाही. आधी दोन-दोन फळ्या जोडल्या, रातभर शिकंज्यात ठेवल्या, मग त्या जोड्या आणि उरलेली फळी एकत्र केली. वेळ लागतो, पण एकट्याला जमतं. परवा दार बसवून आलो. वर बादलीभर पाणी मारून बघितलं, सांधा हलला नाही. अमरसिंह खूष आहे.

खरं कारण निराळं. परवाच्या रविवारी सोमेश फोनवर म्हणाला, "बाबा, दुकान मोबाईलवाल्याला भाड्यानं देऊन टाकू. जून लागला की तुम्ही इकडंच या. आईचंही तेच म्हणणं आहे." तू शेजारीच होतीस, बांगड्या वाजल्या. तू हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. रंधा मारताना विसरतो, फळी किती घ्यायची होती ते.

दिवाळीला गेलीस ती आरोहीसाठी, सूनबाईची नोकरी म्हणून. दोन महिन्यांत येते म्हणालीस. मी रागावलो नाही. तिकडं तुझं बरं चाललंय, हे मला दिसतं. संध्याकाळी बायकांबरोबर बागेत जातेस, फोटोत चेहरा भरलाय. इथं तुला निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. म्हणून तुला बोलवायला जीभ रेटत नाही.

पण मला करमत नाही गं. सकाळी बरं असतं, गिऱ्हाईक येतं, बोलणं होतं. जेवायला घरात आलो की भांड्याचासुद्धा आवाज नाही. काल भाकरी टम्म फुगली. तुला दाखवावी म्हणून हाक मारली आणि मग तव्यापुढं तसाच बसून राहिलो. जेवण गेलं नाही.

दुकानात मी तुला सांगतच आलो. हे धर, ते आण, तिकडून दाब. विचारायची वेळ कधी आली नाही. आज विचारतो. तू येतेस का? तुझा जीव तिकडंच रमला असेल तर मी हत्यारं आवरून येतो, रुसणार नाही. पण ते सोमेशच्या तोंडून नको. तू सांग.

आणि कामाला हात हवा म्हणून येऊ नकोस. हात गावात पुष्कळ मिळतात. मला तू पाहिजेस.

वाट बघणारा,
रामकिसन

(माझं नाव तोंडानं घेत नाहीस, पण वाचायला हरकत नाही.)