सुमतीचं सातवीचं साल

निपाणी, ता. १२ ऑक्टोबर १९३६
चिकोडीहून सुमतीच्या होणाऱ्या सासऱ्यांचं कार्ड. 'ठरल्याप्रमाणे साल संपताच, दिवाळी झाल्यावर लग्न उरकू.'
बहीण सातवीत. फायनलची परीक्षा उन्हाळ्यात. दिवाळीनंतर लग्न म्हणजे शाळा बंद.
साखरपुड्यानंतरचं पत्र माझ्याच हातचं. आप्पा सांगत गेले, मी लिहीत गेलो : 'हे साल पुरं झालं की मुलगी तुमची.' ऱ्हस्वदीर्घ तीनदा तपासले. शाळेचं साल, असं मात्र लिहिलं नाही.

ता. १३
आप्पांना वखारीत गाठून सांगितलं.
"साल दिवाळीलाच बदलतंय रं. शाळेचं निराळं असतंय, हे मला तरी कुठं ठावं?"
त्यांना काय बोलायचं? आमच्या घरात वयंसुद्धा दिवाळीच्या पाडव्यापासून मोजतात.
जेवताना सुमती म्हणाली, "अण्णा, तू साडेपाच यत्ता शिकलास, मी साडेसहा. एक जास्तच की!" आणि हसली. मी सहावीच्या दिवाळीत शाळा सोडली, त्याचं.

ता. १८, रविवार
चिकोडीला जाऊन आलो. मोटारीत वाक्यं पाठ केली होती, तिथे एक आठवेल तर शपथ. कसंबसं म्हटलं, "शाळेचं साल जूनला लागतं, उन्हाळ्यात संपतं."
सासरे म्हणाले, "शाळेनं आपलं साल निराळं काढलंय व्हय!" बैठकीतले सगळे हसले.
मग कसं सुचलं कोण जाणे. "मामा, दिवाळीला तुमची तंबाखू कुठं असती?"
"कुठं म्हंजे? रानात. हिरवीगार."
"मग तोडता का?"
आतून सासूबाई, "बरोबर बोलतंय की पोरगं!"
"बघू. कळवतो," एवढंच सासरे.
निघताना सासूबाईंनी शेंगांचे लाडू बांधून दिले. "अभ्यास करताना खा म्हणावं तिला."
हा होकार, की नुसते लाडू? परतताना मोटारीत तेच डोक्यात.

ता. २ नोव्हेंबर
कार्ड नाही. टपालवाला दारावरून गेला. लाडू संपले. शेवटचा अर्धा तिने मला ठेवला होता.

ता. १५ नोव्हेंबर, पाडवा
कार्ड नाही. वखारीत नव्या वह्यांची पूजा. पहिल्या पानावर मी 'श्री' काढला. एक कोरी वही जास्तीची होती, ती घरी आणून सुमतीपुढे धरली. तिने हात पुढे केला नाही. जुन्या वहीत कालचंच गणित पुढे मांडत होती.
"राहू दे अण्णा. माझी अजून संपली न्हाय."