तीन वर्षांचा नवस आणि सेनोबियाची घाई

ओरुरो, १९ जानेवारी

ति. फ्लोरिंदामावशीस,
आन्सेल्मोचा सैतानाच्या वेषातून साष्टांग नमस्कार, वि. वि.

मावशी, माझं वाटोळं झालं. सेनोबिया हो म्हणाली.

तुला ठाऊकच आहे, तिच्यासाठी मी खाणीवरच्या देवळातल्या माउलीला नवस बोललो होतो, की तीन वर्षं दर कार्निव्हलच्या मिरवणुकीत सैतान होऊन नाचेन, पण बेकरीवाल्याची ही पोरगी माझी होऊ दे. त्यापायीच इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं. सर म्हणाले की सैतानांना परीक्षेत सूट नाही. मी म्हणालो, मग परीक्षाच नको. आणि ही बया काल रविवारच्या तालमीत माझा शिंगांचा मुखवटा वर सारून सगळ्या बँडदेखत म्हणते, की चल, ईस्टरनंतर लग्न करू!

अगं, अजून एकही कार्निव्हल नाचलो नाही! असं आयतं मिळालेलं सुख पचेल का? मी तिला सांगितलं की निदान तीन वर्षं मला झिडकारत राहा. तिने हातातली रस्साभरली गरम सालतेन्या-करंजी माझ्या छातीवर फोडली आणि विचारलं की अक्कल कॉलेजातच विसरून आलास का. तू तिला दोन ओळी लिहून समजाव. तुझं ऐकेल.

काकांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा आन्सेल्मो

तारिहा, २७ जानेवारी

चि. आन्सेल्मोस,
अनेक आशीर्वाद आणि एक कानफटीत.

तिला कशाला समजावू? तिला अक्कल आहे. माझं ह्यांच्याशी जमलं तेव्हा मी कुठली तपश्चर्या केली होती? मी नुसती कांदे आणायला गेले होते. ह्यांनी पिशवी धरली, ती एकतीस वर्षं धरलीच आहे. तुझं पत्र वाचून दाखवलं तर हे इतके हसले की कवळी सूपमध्ये पडली.

माउलीने लवकर दिलं तर माउलीशी भांड, पोरीशी कशाला? पाद्रीबाबांना विचार. आणि मेल्या, ती जन्मभर वाट बघत बसेल असं समजू नकोस. नाचताना लोकरीचे मोजे घाल, त्या बुटांनी पाय सोलतात.

आहेस तसा आवडतोस, काय करणार!
तुझी मावशी

ओरुरो, २५ फेब्रुवारी

ति. मावशीस,
पलंगावरूनच नमस्कार, पाय खाली टेकत नाहीत.

पाद्रीबाबांना विचारलं. म्हणाले, माउली काही दुकानदार नाही. नाचायचं ते आभार म्हणून, किंमत म्हणून नाही. मी वाद घातला, त्यांनी दार दाखवलं. तिकडे सेनोबियाने निरोप धाडला की कार्निव्हल संपेपर्यंत हो म्हण, नाहीतर मी चालले सांताक्रूझला बहिणीकडे, कायमची.

मग मला तोडगा सुचला. तिन्ही वर्षं एकाच दिवशी उरकायची! सैतान होऊन देवळापर्यंत नाचलो, गुडघ्यांवर माउलीसमोर गेलो, मागच्या गल्लीने धावत पुन्हा मिरवणुकीच्या सुरुवातीला आलो आणि अस्वलांची सोंगं घेतलेल्यांच्या घोळक्यात घुसलो. अस्वलं म्हणाली की तू आमच्यातला नाहीस. मी म्हणालो, नीट बघा, शिंगं फुटलेलं अस्वल आहे. तिसऱ्या फेरीला मात्र देवळाच्या दारापासून तीस पावलांवर आडवा झालो.

डोळे उघडले तर माझा मुखवटा सेनोबियाच्या डोक्यावर! घागऱ्यातला सैतान ती तीस पावलं नाचला, मग गुडघ्यांवर सरकत देवळात शिरला. बाहेर येऊन ऐटीत म्हणते, की आता माझाही नवस, तीन वर्षं नाचणार, तुझ्यासाठी.

माझं डोकंच फिरलं. भर चौकात ओरडलो की अगं बाई, तू कशाला गुडघे फोडतेस, मी तर काही न करता तुझाच होतो!

बँड थांबला. अस्वलांनी डोकी काढून माझ्याकडे पाहिलं. सेनोबिया कमरेवर हात ठेवून म्हणाली की हे जरा पुन्हा बोल बघू, मोठ्याने.

लग्न अठरा एप्रिलला आहे, काकांना घेऊन ये. उरलेली दोन वर्षं मी नाचणारच, पण पाद्रीबाबांना एवढ्यात सांगू नकोस की आभार म्हणून.

तुझा लोभ आहेच, तो असू दे. का आहे ते आता विचारत नाही.
तुझा आन्सेल्मो